पाण्याकडं बघणारी बाई

सोनारवाडीच्या बंधाऱ्यावर एक बाई येते, तासन्‌तास पाण्याकडं बघत उभी राहते आणि कुणाशी बोलत नाही, ही बातमी गावभर व्हायला फार दिवस लागले नाहीत. तिच्याजवळ तीन पायांचं तिकाटणं असतं आणि त्यावर कॅमेरा असतो, हेही लोकांनी पाहिलं होतं. पण कॅमेरेवाली माणसं गावाला नवी नव्हती. लग्न ठरलेली जोडपी कोल्हापुरातून फोटो काढायला यायची. नवरी ओढणी उडवायची, नवरा गॉगल लावून उसाच्या फडाच्या कडेला उभा राहायचा, फोटोवाला ओरडून ओरडून दोघांना हसवायचा. ही बाई तसलं काही करत नव्हती. ती कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं एक काळीभोर काच बसवायची आणि नुसती उभी राहायची. काळ्या काचेतून कुणाला काय दिसणार? तेव्हा कॅमेरा हे निमित्त आहे, कारण दुसरंच काहीतरी आहे, असं गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं.

बाईचं नाव क्रांती इंगवले. वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. ओतीव लोखंडाचा तुकडा आरशासारखा घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि आत कुठं भेग, कुठं पोकळी राहून गेली आहे का ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. कामात ती चोख होती. डबा खाताना चार बायकांत बसायची, पण बोलण्यात नसायची. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं याला एकच एक असं कारण नव्हतं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग वडील गेले, मग आईनं अंथरूण धरलं. आईला ती आणि तिचा थोरला भाऊ अमरसिंह, दोघंही आक्का म्हणत. आक्काचं हवं-नको बघण्यात क्रांतीची बरीच वर्षं गेली, आणि आक्का गेल्यावर घरात एकदम इतका रिकामा वेळ झाला, की त्याचं काय करायचं तेच तिला कळेना.

लोक भेटायला आले तेव्हा ती रडली नाही. दिवस घातल्यावर पुन्हा कामावर रुजू झाली. सगळे म्हणाले, क्रांती खंबीर आहे. तिलाही तसंच वाटलं.

फोटोचा नाद लागला तो फौंड्रीतल्या भिंतीवरच्या एका कॅलेंडरमुळं. त्यावर एका धबधब्याचं चित्र होतं आणि पाणी धुरासारखं दिसत होतं. हे असं कसं होतं, म्हणून तिनं फोनवर शोधलं. तेव्हा कळलं की कॅमेऱ्याचं दार पापणी लवण्याइतका वेळ न उघडता दोन-तीन मिनिटं उघडंच ठेवायचं असतं. भर उजेडात तसं केलं तर फोटो पांढराफटक होईल, म्हणून पुढं काळी काच लावायची, म्हणजे उजेड थेंबाथेंबानं आत येतो. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसून जातं आणि जे जागचं हलत नाही तेवढंच फोटोत राहतं. तिनं कॅमेरा घेतला, काच घेतली आणि हिंडायला लागली. रंकाळा तळ्याचं पाणी जागचं हलत नव्हतं. पंचगंगेच्या घाटावर माणसं स्वस्थ बसू देत नव्हती. मग एका मावसभावाच्या साखरपुड्याहून येताना भोगावतीवरचा हा सोनारवाडीचा बंधारा दिसला. दिवाळीनंतर खांबांच्या मधे बरगे बसवून नदी अडवलेली, त्या फळ्यांवरून पाण्याचा पातळ पडदा खाली पडतोय, खाली काळे दगड. तिनं गाडी थांबवायला सांगितली, आणि तेव्हापासून सुट्टीचा दिवस बंधाऱ्यावरच जायला लागला.

खरं सांगायचं तर फोटोपेक्षा तिला ती मधली दोन-तीन मिनिटं आवडायची. बटण दाबलं की काही करायचं नसतं. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, जवळ पाय आपटायचा नाही, बोलायचं नाही. आक्काच्या आजारपणात असं काहीच न करता उभं राहणं तिला ठाऊक नव्हतं. पाणी पडत राहायचं आणि ती बघत राहायची. मनात काही यायचं नाही. तेच तिला बरं वाटायचं.

बंधाऱ्याखालच्या दगडांवर गावातल्या बायका धुणं धुवायच्या. त्यातली एक होती शालूबाई. साठी उलटलेली, उंचीला बुटकी, हातापायांनी दणकट, आवाज असा की नदीच्या ह्या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या मळ्यातला माणूस वळून बघायचा. एक दिवस तिनं धुण्याचे पिळे पाटीत टाकले, हात पदराला पुसले आणि ती क्रांतीजवळ येऊन उभी राहिली.

"कुठल्या गावचं वो, पावणं?"

"कोल्हापूर."

"एकट्याच आलाय?"

"हो."

"मालक न्हाईत आलं?"

"लग्न नाही केलं मी."

"बरं. आई-बा?"

"दोघंही नाहीत आता."

"भन-भाऊ?"

"भाऊ आहे. त्याचा संसार आहे त्याला."

"मग हितं काय बघताय म्हनायचं?"

"पाणी."

"पान्यात काय हाय?"

"काही नाही. पाणीच."

क्रांतीनं दिलेली सगळी उत्तरं खरी होती, आणि प्रत्येक उत्तराला शालूबाईचा जीव थोडा थोडा वर येत होता, हे क्रांतीच्या ध्यानात आलं नाही. म्हातारी "व्हय, व्हय" म्हणत तिथंच दगडावर बसली. मग फडक्यातली भाकरी काढून म्हणाली, "खा घासभर."

"भूक नाही मला."

"भूक न्हाय!" शालूबाई स्वतःशीच म्हणाली, आणि अर्धी भाकरी खर्ड्यासकट तिच्या हातात कोंबली. एवढा आग्रह मोडायचा कसा म्हणून क्रांतीनं ती खाल्ली.

त्यानंतर क्रांती आली की शालूबाई हजर. धुणं असो नसो. क्रांती कॅमेरा लावायची तो काठावर, आणि शालूबाई जाऊन उभी राहायची ती नेमकी क्रांतीच्या आणि पाण्याच्या मधे, बंधाऱ्याच्या पहिल्या खांबाला पाठ लावून.

"मावशी, जरा बाजूला व्हाल का?"

"झालो की," असं म्हणून म्हातारी दोन पावलं सरकायची आणि क्रांतीनं बटण दाबलं की पुन्हा तिथंच.

कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर क्रांतीला फोटोच्या मधोमध एक काळा डाग दिसायचा. ती चरफडायची आणि तो फोटो बाद धरायची. एकदा तिला वाटलं, म्हातारीला स्वतःचा फोटो काढून हवा असेल. तिनं तसं विचारलं. "मला काय करायचाय फोटू?" शालूबाई म्हणाली. "तू काढ तुझं." म्हणजे फोटोही नको. मग हिला पाहिजे तरी काय, हे कोडं क्रांतीनं फार उकललं नाही. गावाकडच्या माणसांना भोचकपणाची सवयच असते, एवढ्यावर तिनं विषय संपवला.

जानेवारीत वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडलं. नदीला जोर आला. बरग्यांवरून पाणी जाडजूड पडायला लागलं आणि खाली दगडांवर आपटून त्याचा फेस व्हायला लागला. असं पाणी पुन्हा कधी मिळणार, म्हणून क्रांतीनं त्या दिवशी तिकाटणं काठावर न लावता बंधाऱ्यावरच नेलं. मधल्या एका खांबाच्या अगदी कडेला तिनं ते उभं केलं आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली पडणाऱ्या पाण्याकडं वळवलं. बटण दाबलं. मागं शालूबाई आली होतीच.

दगडावर शेवाळ होतं. अर्ध्यातच तिकाटण्याचा एक पाय हळूच सरकायला लागला. क्रांतीनं ते बघितलं आणि पाय धरायला ती कडेवरून खाली वाकली.

"आगं पोरी, न्हाय! न्हाय!"

शालूबाईनं मागून येऊन तिच्या कमरेला मिठी घातली आणि सगळा जोर लावून तिला मागं ओढलं. दोघी बंधाऱ्याच्या फरशीवर आडव्या पडल्या. तिकाटणं कलंडलं आणि कॅमेऱ्यासकट खाली गेलं. त्याचा आवाजसुद्धा आला नाही. पाण्याच्या आवाजात मिसळून गेला.

क्रांती उठून बसली आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिनं आजवर कुणालाच ऐकवलं नव्हतं.

"म्हातारे, अक्कल आहे का तुला? काय करून बसलीस हे? कुणी सांगितलं होतं माझ्या मागं मागं फिरायला? सोड! हात सोड माझा!"

शालूबाईनं मनगट सोडलं नाही. तिला धाप लागली होती, कोपर खरचटलं होतं. "दे शिव्या," ती म्हणाली. "दे, मोकळी हो. पैल्यांदा समद्याच देत्यात."

तोवर खालच्या बायकांनी आरडाओरडा केला होता. मळ्यातली माणसं धावली. गावचे पोलीस पाटील आकाराम मोटरसायकलवरून आले. त्यांनी क्रांतीला काही विचारलं नाही. "चला ताई, च्या घिऊ," एवढंच म्हणाले आणि सगळी वरात मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर आली. शालूबाईनं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मनगट अजून तिच्याच हातात होतं.

"अहो, मी फोटो काढत होते," क्रांती म्हणाली.

"व्हय व्हय," आकाराम म्हणाले. "आदी भावाचा नंबर सांगा."

"भावाचा कशाला? माझं ओळखपत्र बघा, कंपनीचं आहे."

आकारामांनी ओळखपत्र लांब धरून वाचलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "शिकल्यालं माणूस हाय."

"शिकल्यालं जीव देत न्हाईत व्हय?" तो माणूस म्हणाला.

तेव्हा कुठं क्रांतीला उलगडा झाला. तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळे खाली बघत होते.

"जीव?" ती म्हणाली. "मी जीव द्यायला येत होते, असं वाटलं तुम्हाला?"

तिला हसू फुटलं. ती मोठ्यानं हसली, आणि कट्ट्यावर कुणीच हसत नाही हे पाहून तिचं हसणं मधेच थांबलं. एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. त्या हसण्यानं तिची बाजू आणखीच लंगडी पडली होती.

"रागाला यिऊ नका, ताई," आकाराम समजुतीच्या सुरात म्हणाले. "ह्या शालूबाईनं मागं एकीला केसाला धरून पाण्यातनं भाईर काढलीया. तिनंबी लई शिव्या घातल्यात्या. आता इचलकरंजीत हाय, दोन पोरं हायत. जत्रंला येती आन् हिला लुगडं-चोळी करून जाती."

"तिचं कशाला काढतोस रं मधीच?" शालूबाई त्यांच्यावर खेकसली.

चहा आला. कप घ्यायला क्रांतीनं हात पुढं केला तेव्हा तिला शालूबाईचा हात दिसला. मनगटाच्या वर नखांचे खोल ओरखडे उठले होते आणि त्यांतून रक्त आलं होतं. हे कुणी केलं, असा विचार तिच्या मनात आला आणि लगेच उत्तरही आलं. तिचा स्वतःचा एक हात तिकाटण्याच्या पायाला लागला होता. दुसरा कॅमेऱ्याच्या पट्ट्यात होता. ओढ बसली तेव्हा दोन्ही हातांनी होतं ते सोडलं होतं आणि म्हातारीला धरलं होतं. हे कधी झालं ते तिला आठवत नव्हतं. चहा गोडमिट्ट होता. तो तिनं सगळा प्यायला.

अमरसिंहाचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान होतं. शेवटी क्रांतीनं नंबर दिला, आणि फोन गेल्यावर तो दुकान गड्यावर टाकून आला. आता हा एक तर गावकऱ्यांवर भडकेल नाही तर आपल्याला हसेल, असं क्रांतीला वाटत होतं. यातलं काहीच झालं नाही. गाडीतून उतरून त्यानं आधी बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग आकारामांनी बोट दाखवलं तिकडं जाऊन, काहीही न विचारता, तो शालूबाईच्या पाया पडला.

क्रांती बघत राहिली. तिच्या भावाला या सगळ्याचं जराही नवल वाटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी रेंगाळत चालली होती.

"दादा, तुलाही तसंच वाटलं?"

"मला काय वाटायचंय?"

"खरं सांग."

अमरसिंहानं एक ट्रॉली ओलांडली. मग समोर बघतच म्हणाला, "आक्का गेल्यापास्नं तू बोलत न्हाईस. रडली बी न्हाईस. आन् सुट्टी मिळाली की नदीवर जाऊन बसतीस. तुझी वैनी म्हणाली, जरा लक्ष ठेवा. म्हणून मग मी फोन करायला लागलो."

"तो रोजचा? जेवलीस का म्हणून?"

"मग काय विचारायचं? तसलं काय विचारायचं व्हय तुला?"

क्रांती खिडकीबाहेर बघायला लागली. तो फोन रोज यायचा. 'जेवलीस का?' 'जेवले.' 'बरं मग, ठेवतो.' भाऊ कर्तव्य म्हणून फोन करतो आणि आपण कर्तव्य म्हणून उचलतो, असं ती धरून चालली होती.

"दोनदा आलतो मी हितं," अमरसिंह म्हणाला. "लांब गाडी लावून बसलो. तू उभी होतीस. मग तू निघालीस, मी बी निघालो."

"जवळ का नाही आलास?"

"आलो असतो, तर तू म्हणली असतीस, काय झालं दादा? मग काय सांगितलं असतं मी?"

क्रांतीला भावाचा राग आला होता, वहिनीचा आला होता, सोनारवाडीचा तर आलाच होता. आपण ज्याला शांतपणा म्हणत होतो तो इतक्या लोकांना इतक्या दिवसांपासून भलतंच काही वाटत होता, आणि घरच्यांनी ती शंका मनातच ठेवली, तर परक्या बाईनं सरळ कमरेला मिठी घातली.

आमच्याकडं चल म्हणून वहिनीनं फार आग्रह केला, पण ती गेली नाही. आपल्याच घरी राहिली, कामावर गेली. घरी आल्यावर मात्र तो विषय तिच्यापुढं येऊन बसायचा. लोखंडाचा तुकडा तपासावा तसं तिनं स्वतःला तपासून बघितलं. मरावं असं तिला कधी वाटलं होतं का? नाही. हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण उद्याच्या दिवसाकडून तिला काही हवं होतं का, तर तेही नाही. पाण्यासमोर उभं राहिलं की मनात काही येत नाही, याला ती सुख म्हणत होती. ते सुखच होतं की आणखी काही, हे तिनं कधी उजेडात धरून बघितलं नव्हतं. सोनारवाडीची माणसं चुकली होती. फार लांब चुकली नव्हती.

शेतीसाठी सोडलेलं पाळीचं पाणी ओसरल्यावर आकारामांनी गावातल्या पोहणाऱ्या पोरांना सांगून कॅमेरा वर काढला आणि कोल्हापूरला येणाऱ्या एका दूधवाल्याबरोबर पाठवून दिला. कॅमेरा गाळानं भरला होता. तो काही पुन्हा चालू झाला नाही. आतलं कार्ड मात्र तिनं पुसून, वाळवून कॉम्प्युटरला लावलं आणि ते उघडलं. गेल्या काही खेपांचे फोटो तिनं उतरवूनच घेतले नव्हते.

बंधारा होता. पाणी साईसारखं, घट्ट, कुठंच थेंब नसलेलं. धुणं धुणाऱ्या बायका नव्हत्या, म्हशी नव्हत्या, वरून गेलेल्या सायकली नव्हत्या. आणि मधोमध, पहिल्या खांबाला टेकून, शालूबाई होती. छोट्या पडद्यावर जो डाग दिसायचा तो इथं मोठा करून बघितला तर कपाळाच्या आठ्या मोजता येत होत्या. पदराचं टोक वाऱ्यानं पुसलं गेलं होतं, पण चेहरा कुठंही हललेला नव्हता. इतका वेळ, इतकं निश्चल उभं राहणं जमत नाही माणसाला. एक पाय दुखतो, माशी बसते, कुणी हाक मारतं. क्रांतीनं पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. सगळ्यांत म्हातारी तशीच होती. पाण्याकडं पाठ, आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जिथं क्रांती उभी असायची तिथं.

पुढच्या सुट्टीला त्यातला एक फोटो मोठा करून घेऊन ती सोनारवाडीला गेली. शालूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. क्रांतीनं तिला फोटो दिला. म्हातारीनं तो आधी उलटा, मग सुलटा धरला.

"हे आमच्या नदीचं पानी? दूध सांडल्यागत झालंय की गं." मग बोट ठेवून म्हणाली, "आन् हितं माझ्या खाली बनाबाई धुनं धूत हुती, ती कुठं गेली?"

"त्या हलत होत्या. हललेलं माणूस येत नाही यात."

"आसं व्हय? मग सांगतो तिला. लई नाचती ती बी."

क्रांती शेजारी बसली. "मावशी, मी तुम्हाला फार वाईट बोलले त्या दिवशी."

"बोललीस तर बोललीस. तुझा क्यामेरा गेला की माझ्यापायी." शालूबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "आता खरं सांग. फोटूच काढत हुतीस?"

"फोटोच काढत होते."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. फोटोत होतं तसंच बघणं होतं ते, पापणी न हलवता. तिचा पुरता विश्वास बसला नव्हता आणि ते लपवावं असंही तिला वाटत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "फुडं कवाबी आलीस तर आदी हितं घरला यायचं. मला हाक मारायची. मी नसलो तर बनाबाईला. हाक मारल्याबिगर बंधाऱ्यावर पाय ठेवायचा न्हाय."

"बरं," क्रांती म्हणाली.

"नुसतं बरं नगं. मारुतीच्या देवळाकडं हात करून म्हन."

क्रांतीनं हात केला. मग दोघींनी मिळून सूपभर शेंगा फोडल्या.

उन्हाळ्यात फौंड्रीतल्या एका सहकाऱ्यानं नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना तिला दिला. पावसाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्याचे बरगे काढले, नदी लाल होऊन फुगली आणि बंधारा पाण्याखाली गेला. तेव्हा तिनं चंदगडकडं जायचं ठरवलं. तिकडच्या डोंगरात पावसाळाभर जिकडंतिकडं ओढे सुटतात. यावेळी तिनं भावाला फोन करून सांगितलं, की मी असं असं जाणार आहे. अमरसिंह म्हणाला, "मी बी येतो की."

भातखाचरांच्या वरच्या अंगाला, काजूच्या झाडांतून उतरणारा एक ओढा त्यांना सापडला. पाऊस भुरभुरत होता. क्रांतीनं कॅमेरा लावला, काच बसवली. अमरसिंहाच्या हातात छत्री होती. ती बहिणीवर धरायची की कॅमेऱ्यावर हे त्याला कळेना.

"कॅमेऱ्यावर धर," ती म्हणाली. "आणि हलू नकोस." तिनं बटण दाबलं.

"किती वेळ?"

"बंद होईल आपोआप."

तो उभा राहिला. स्वस्थ उभं राहायची त्याला सवय नव्हती. त्यानं एकदा घसा खाकरला, एकदा खिशातल्या फोनला हात लावला, मग तो हातही काढून घेतला. ओढ्याचा आवाज होता आणि छत्रीवर पाऊस वाजत होता. बहिणीकडं न बघताच तो म्हणाला, "क्रांते, एक विचारू? तसलं काय खरंच मनात होतं का गं तुझ्या?"

इतक्या महिन्यांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. क्रांतीला वाटलं होतं की विचारलं तर आपण चिडू. ती चिडली नाही.

"मरायचं नव्हतं," ती म्हणाली. "पण दुसरं पण काही नव्हतं, दादा. आक्का गेल्यावर सगळं बंदच पडलं होतं. मला कळत नव्हतं."

"आन् आता?"

"आता भूक लागते. राग येतो. परवा एका चाचणीवरून साहेबांशी भांडले मी."

"साहेबांशी?"

"मोठ्यानं."

अमरसिंहाच्या हातातली छत्री हलायला लागली. तो हसत होता की काय हे तिला दिसलं नाही, कारण त्यानं तोंड पलीकडं केलं होतं. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "आक्काशी पण तू मोठ्यानंच भांडायचीस. औषध घेत न्हाई म्हणून."

"थुंकून टाकायची रे ती. उशीखाली लपवायची."

"मला म्हणायची, हिला सांगू नकोस."

"तुला माहीत होतं?"

"आईनं सांगू नको म्हणलं तर काय करणार मी?"

क्रांती त्याच्याकडं बघतच राहिली. कॅमेरा खट्‌ करून बंद झाला तो दोघांनाही ऐकू आला नाही. खालच्या वळणावर चंदगडची एसटी हॉर्न वाजवत चढ चढत होती, आणि भिजत उभी राहून ती भावाला विचारत होती की आक्का आणखी काय काय लपवायची.